लांबीच्या परिमाणांचे रूपांतर

मालेगाव तालुक्यातील सोयाबीनच्या शेतावरून पुढील उदाहरण सहज तयार करता येते. शेताची रुंदी ९० मीटर आहे आणि दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावयाचे आहे. तर त्या रुंदीत किती ओळी बसतील? घाईने ९० ला ४५ ने भागून २ हे उत्तर लिहिणारे विद्यार्थी अनेक वर्गांत आढळतात. भागाकार बिनचूक असतो. परंतु एवढ्या शेतात दोनच ओळी! पेरणीच्या दिवशी जो तिफणीमागून चालला आहे, त्या मुलासही वहीतील ह्या दोन ओळी खटकत नाहीत, ही खरी चिंतेची बाब होय. त्याच्या मनात गणित आणि शेत ह्यांची गाठच पडलेली नसते.

अशा वेळी मोठ्या परिमाणाचे लहान करताना गुणावे, हा नियम पुन्हा घोकून घेण्याने फारसे साधत नाही. शाळेच्या अंगणात मीटरपट्टीने ९ मीटर अंतर मोजावे, आणि दोन्ही टोकांस साडेबावीस सेंटिमीटर जागा सोडून विद्यार्थ्यांकडून दर ४५ सेंटिमीटरवर चुन्याची रेघ काढवावी. २० रेघा उमटतात. शेत ह्याच्या दसपट रुंद, म्हणून ओळी २००. त्यानंतरच ९० मीटर म्हणजे ९,००० सेंटिमीटर, व ९,००० ÷ ४५ = २००, ही मांडणी फळ्यावर यावी. परिमाण लहान घेतले की संख्या वाढते, हे तोवर विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

आमच्या घरी १८ इंचांवर पेरतात, असे एखादा विद्यार्थी म्हणेल. त्यास गप्प बसवू नये. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी सुतार, गवंडी व शेतकरी ह्यांच्या बोलण्यातून इंच-फूट गेलेले नाहीत. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, तेव्हा १८ इंच म्हणजे ४५.७२ सेंटिमीटर. पाऊण सेंटिमीटरहूनही कमी असलेला हा फरक दोन ओळींत कोणाच्या ध्यानातही येणार नाही; पण २०० ओळींत तो १४४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड मीटर होतो, आणि त्याच शेतात सुमारे १९७ ओळीच बसतात.

तीन फणांच्या तिफणीस १९७ ओळींकरिता किती फेरे लागतील, हा प्रश्न घरी सोडविण्यास द्यावा. ६५ फेऱ्यांनंतर उरलेल्या दोन ओळी कशा पेरतात, हे मात्र विद्यार्थ्याने वडिलांस विचारून यावे.