नवी कादंबरी कुणाच्या हाती द्यावी?

‘नवी एखादी चांगली कादंबरी सांगा ना,’ असं कुणी म्हटलं की आपल्या तोंडून ठरलेली नावं निघतात. ‘ययाती’, ‘मृत्युंजय’, सांगणारा जरा बंडखोर असला तर ‘कोसला’. यांतली ‘ययाती’ १९५९ची, ‘मृत्युंजय’ १९६७ची आणि बंडखोर ‘कोसला’ १९६३ची, म्हणजे तिचीही साठी उलटली. पुस्तकं थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण विचारणाऱ्याने ‘नवी’ म्हटलं होतं.

गेल्या पंचवीस वर्षांत मराठी कादंबरी मुंबई-पुण्याबाहेर फार जोमाने लिहिली गेली. बुलढाण्यातून सदानंद देशमुख आणि रमेश इंगळे उत्रादकर, नांदेडहून मनोज बोरगावकर, कोल्हापूरकडून कृष्णात खोत, सावंतवाडीहून प्रवीण बांदेकर. मात्र लेखक बुलढाण्यातला आणि वाचक सांगलीतला असला, तर दोघांची गाठ घालून देणारं कुणी राहिलेलं नाही. एके काळी हे काम मासिकं करायची. केशवराव कोठावळ्यांनी १९६४मध्ये ‘ललित’ सुरू केलं ते ग्रंथप्रेमींसाठीच. त्यात जयवंत दळवींचा ठणठणपाळ भल्याभल्यांना टपल्या मारायचा आणि ‘चोखंदळ वाचकांची निवड’ वाचून लोक ग्रंथालयात जायचे. आता वर्तमानपत्रांतली परीक्षणाची जागा आखडली, आणि उरल्यासुरल्या जागेत बऱ्याचदा मलपृष्ठावरचाच मजकूर ताणलेला असतो. तेव्हा पुस्तक सुचवण्याचं काम वाचकांवरच येऊन पडलं आहे.

आपण ते करतो कसं? पुरस्कार सांगतो, नाहीतर विषय सांगतो. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, विषय धरणग्रस्तांचा, एवढं ऐकून समोरचा मान डोलावतो आणि पुस्तक घ्यायचं टाळतो. आणखी एक व्यथा, असं त्याला वाटतं. त्यापेक्षा असं सांगा: गाव उठलं, माणसं दुसरीकडे गेली, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा परत त्या ओसाड मुलखात जातो. म्हैस सहजी हाती लागत नाही. बस्स, एवढंच. खोतांच्या बोलीला कान सरावायला वीसेक पानं जातात, हेही आधी सांगून टाकावं. नाहीतर वाचक दहाव्या पानावर पुस्तक मिटतो आणि दोष स्वतःला देतो.

माझ्या मते या काळातली सर्वांत कमी सुचवली गेलेली मोठी कादंबरी म्हणजे इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’. साक्षरता अभियानावर कादंबरी, असं म्हटलं तर कोण वाचेल? प्रत्यक्षात ती हसवून हसवून बेजार करते. वरून आदेश सुटतात, गुरुजींना शाळा सोडून निरक्षर शोधावे लागतात, वर्ग कागदावर भरतात, अहवाल मात्र वेळेवर जातात. लेखक कुणाला खलनायक करत नाही. प्रत्येक जण आपापला तक्ता भरतो आहे, आणि तक्ते भरले की अभियान यशस्वी. ज्याने आयुष्यात एकदा तरी सरकारी नमुना भरून दिला आहे, अशा कुठल्याही शिक्षकाच्या, ग्रामसेवकाच्या, तलाठ्याच्या हाती ही द्यावी. तिच्यावर चित्रपटही निघाला, पण मजा भाषेत आहे, ती पडद्यावर पुरती येत नाही.

वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला मी बोरगावकरांची ‘नदीष्ट’ देतो. गोदावरीत पोहायला जाणारा निवेदक आणि नदीकाठची माणसं, तीही गावाने बाजूला टाकलेली. छोटं पुस्तक आहे, हातून सुटत नाही. कॉलेजातल्या मुलामुलींना सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ द्यावी: पुण्यातल्या एका घरात राहायला आलेल्या पेइंग गेस्टवर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो, आणि गोष्ट आधी तो सांगतो, मग ती. तिच्यावरचा सिनेमा २०२२मध्ये आला. तो पाहिलेल्यांना मूळ पुस्तक मराठी आहे हे सांगावं लागतं, याला काय म्हणावं! कविता महाजनांची ‘ब्र’ बचत गटात, महिला मंडळात वाचली जावी. आदिवासी बायका सरपंच होतात तेव्हा खुर्ची नक्की कुणाला मिळते, हे तिच्यात आहे. बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ राजकारणावर तावातावाने बोलणाऱ्याला द्यावी. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा निवेदक त्याला अधिक शांतपणे बरंच काही सांगेल.

रंगनाथ पठारेंची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ मात्र पहिलं पुस्तक म्हणून कुणाला देऊ नका. एका घराण्याच्या सातशे वर्षांचा तो पसारा आहे, त्याला दमसास लागतो. श्याम मनोहरांचंही तसंच. त्यांची चार पानं मोठ्याने वाचून दाखवावीत. ऐकणारा हसला तर पुस्तक त्याचं, कंटाळला तर आग्रह करू नये.

शेवटी व्यवहाराचं. साहित्यिक कादंबरीची आवृत्ती मराठीत साधारण हजार प्रतींची, कधी त्याहूनही कमी. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं मात्र अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. प्रत्येकाने एकच प्रत घेतली तरी दहा आवृत्त्या संपतील. तुमच्या गावच्या ग्रंथालयात वरच्यापैकी कुठली कादंबरी नसेल, तर ग्रंथपालांकडे नाव आणि प्रकाशक लिहून मागणी नोंदवा. वर्गणीदार मागत नाहीत, ही त्यांची नेहमीची तक्रार आहे.