मत्स्यखाद्यातील वनस्पतिजन्य घटक : बचत आणि मर्यादा

२०२३-२४ मध्ये भारताचे मत्स्योत्पादन सुमारे १८४ लाख टनांवर पोहोचले. यातील सुमारे तीन चतुर्थांश वाटा समुद्राबाहेरील, म्हणजेच अंतर्देशीय जलक्षेत्राचा आहे. खाद्य देऊन केलेल्या मत्स्यशेतीत उत्पादनखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग साधारणतः खाद्यावरच खर्ची पडतो. म्हणूनच खाद्याची घडण हा जीवशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही विषय ठरतो.

फिशमीलचे परावलंबन

फिशमील म्हणजे लहान मासळी शिजवून, वाळवून व दळून केलेली भुकटी. चांगल्या प्रतीच्या फिशमीलमध्ये ६० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. मात्र त्याचा पुरवठा समुद्राच्या लहरीवर अवलंबून असतो. प्रमुख उत्पादक असलेल्या पेरूने २०२३ मध्ये एल निनोच्या प्रभावामुळे अँकोव्ही मासेमारीचा पहिला हंगाम रद्द केला व जागतिक किमती चढल्या. भारताने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मत्स्यखाद्यासाठीच्या फिशमीलवरील सीमाशुल्क १५ वरून ५ टक्क्यांवर आणले.

पर्याय आणि त्यांचे दोष

रोहू, कटला, मृगळ या माशांना वनस्पतिजन्य आहार सहज मानवतो. आंध्र प्रदेशातील कोल्लेरू परिसरात तेल काढलेला तांदळाचा कोंडा व पेंड छिद्रे पाडलेल्या पोत्यांत भरून तळ्यात बांबूंना टांगतात. मासे त्यातून खाद्य चोखून घेतात. कोळंबीला अधिक प्रथिने लागतात. त्यामुळे तिच्या खाद्यात सोयापेंड फिशमीलची जागा अंशतःच घेते.

सोयाबीनमधील ट्रिप्सिन-रोधक द्रव्य प्रथिनांचे पचन रोखते. योग्य उष्णता दिल्यास ते निष्प्रभ होते. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल असते. सोयापेंडीत मेथिओनिन, तर भुईमुगाच्या पेंडीत लायसिन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले कमी पडतात. फायटिक आम्लात अडकलेला फॉस्फरस न पचता पाण्यात जातो व तळे प्रदूषित करतो. त्यावर फायटेज या विकराचा उपाय आहे.

खरा हिशेब

पोत्याची किंमत हा स्वस्ताईचा निकष नव्हे. समजा, ३० रुपये किलोचे खाद्य २ किलो दिल्यावर माशाचे वजन १ किलोने वाढते. खर्च ६० रुपये. ३६ रुपये किलोचे संतुलित खाद्य १.५ किलो पुरते. खर्च ५४ रुपये. खाद्य रूपांतरण गुणोत्तराचे महत्त्व ते हेच.

दुसरा मुद्दा स्पर्धेचा. पेंड व कोंडा गुरे आणि कोंबड्यांनाही लागतो. २०२१ मध्ये सोयापेंडीचे भाव भडकल्यावर केंद्राने जनुकीय परिवर्तित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली. जुलै २०२३ मध्ये तेल काढलेल्या कोंड्याच्या निर्यातीवर बंदी आली. ती २०२५ मध्ये उठली. अशा निर्णयांचा लाभ खाद्य विकत घेणाऱ्यास होतो, पण त्याचा भार सोयाबीन उत्पादक शेतकरी किंवा कोंड्यापासून तेल काढणारा उद्योग यांच्यावर पडू शकतो.

तात्पर्य, वनस्पतिजन्य खाद्याने समुद्रावरील ताण हलका होतो, परंतु परावलंबन संपत नाही. ते समुद्राकडून शेताकडे सरकते. म्हणून नीलक्रांतीचे नियोजन तेलबियांच्या उत्पादकतेशी व खाद्यसंशोधनाशी जोडूनच करावे लागेल.