इंजिनाच्या तेलास दुसरी गाळणी

विहिरीचें पाणी कितीही निर्मळ दिसलें तरी तें गाळून पिण्याची आपल्या घरांत रीत आहे. शेतावरील जीप, ट्रॅक्टर किंवा पाणी उपसण्याचें डिझेल इंजिन यांच्या पोटांतील तेलाविषयीं मात्र आपण इतके दक्ष नसतों. तेल कमी झालें कीं ओतावयाचें व फार दिवस झाले कीं बदलावयाचें, एवढ्यावर बहुतेकांचा व्यवहार चालतो. परिणामीं रिंगा व बेअरिंगें अकालीं झिजतात, आणि ऐन नांगरटीच्या दिवसांत इंजिन उघडण्याचा प्रसंग ओढवतो. ही झीज कमी करण्यासाठीं इंजिनास दुसरी, अधिक बारीक गाळणी जोडण्याची एक युक्ति आहे. तीसच कारागीर बायपास फिल्टर म्हणतात. ती कशी बसवावी, कोणीं बसवावी व तिजकडून कशाची अपेक्षा करूं नये, याचा विचार येथें करावयाचा आहे.

मुख्य गाळणीची मर्यादा.— इंजिनांतील पंप चेंबरमधून तेल उचलतो व तें मुख्य गाळणींतून बेअरिंगांकडे लोटतो. सर्वच तेल तींतून अखंड वाहावयाचें असल्यामुळें तिचीं छिद्रें फार बारीक ठेवतां येत नाहींत. ठेवल्यास तेल अडेल व बेअरिंगें कोरडीं पडतील. म्हणून सामान्य मुख्य गाळणी सुमारें २० ते ४० मायक्रॉनांहून मोठे कणच खात्रीनें अडविते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याचा केस अदमासें ७० मायक्रॉन जाड असतो. आतां चालत्या इंजिनांत बेअरिंगामधील तेलाचा थर अवघ्या कांहीं मायक्रॉनांचा असतो. त्या थराहून फार मोठा कण फटींत शिरत नाहीं, फार लहान असला तर तेलाबरोबर निघून जातो. परंतु थराइतका किंवा त्याहून किंचित् मोठा असा धुळीचा कठीण कण दोन्ही बाजूंचा धातु खरवडतो. नेमका हाच कण मुख्य गाळणींतून निसटतो. १९८८ सालीं अमेरिकेंतील जनरल मोटर्सच्या तंत्रज्ञांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ४० मायक्रॉनच्या गाळणीशीं तुलना करतां ३० मायक्रॉनच्या गाळणीनें झीज निम्म्यानें, तर १५ मायक्रॉनच्या गाळणीनें शेंकडा ७० नें कमी झाली.

दुसऱ्या गाळणीचें कार्य.— ही गाळणी पंपाच्या तेलापैकीं शेंकडा ५ ते १० इतकाच भाग घेते, दाट कागदाच्या किंवा कापसाच्या थरांतून तो हळूहळू झिरपूं देते व बेअरिंगांकडे न धाडतां परत चेंबरमध्यें सोडते. त्यामुळें ती कितीही बारीक असली तरी बेअरिंगांचें तेल तुटत नाहीं. समजा, पंप मिनिटास ३० लिटर तेल फिरवितो व त्यांतील २ लिटर या वाटेनें जातें. चेंबरमध्यें ८ लिटर तेल असल्यास चार मिनिटांत तितकें तेल तींतून फिरून येईल. मोटारीच्या तेलाची पहिली प्रसिद्ध गाळणी, १९२३ सालची स्वीटलंड यांची ‘प्युरोलेटर’, याच जातीची होती. परंतु केवळ थोडें तेल गाळल्यानें एखादा मोठा कण न अडतां थेट बेअरिंगांत जाण्याचें भय राहतें. म्हणून पुढें सर्व तेल गाळणारी गाळणी रूढ झाली. सारांश, दुसरी गाळणी पहिलीच्या जोडीस हवी, तिच्या जागीं नव्हे.

जोडणी.— तेलाचा दाब दाखविणारा खटका जेथें बसविलेला असतो, तेथें तीन तोंडांचा जोड घालून तेल घ्यावें. वाटेंत सुमारें दीड मिलिमीटर छिद्राचा अडसर अवश्य असावा. कित्येक गाळण्यांत तो मुळांतच असतो. तो नसल्यास गरम इंजिन मंद चालतांना तेलाचा दाब खालीं येतो. परतीची नळी तेल ओतण्याच्या झाकणांत किंवा चेंबरमध्यें तेलाच्या पातळीच्या वर सोडावी. नळी गरम तेलासाठीं व दाबासाठींच बनविलेली घ्यावी. पाण्याची रबरी नळी कदापि लावूं नये. ती धुराच्या नळापासून व पंख्याच्या पट्ट्यापासून दूर न्यावी, कोठेंही घासूं देऊं नये, आणि इंजिन हादरतें म्हणून तींत थोडी ढील ठेवावी. प्रथम चालू केल्यावर दाब पाहावा, गळती पाहावी, मग इंजिन बंद करून गाळणीनें शोषलेलें तेल भरून काढावें.

येथें हयगय करणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, नळी फुटल्यास चेंबर थोड्याच मिनिटांत रिकामें होतें व क्रँक जाम होतो. जी वस्तु इंजिन वांचविण्यास आणली, तीच त्याचा घात करते. म्हणून पहिला आठवडा रोज सर्व जोड हातानें चांचपावे. इंजिन कंपनीच्या हमींत असेल, तर आधीं कंपनीकडून लेखी उत्तर मागवावें.

काय होत नाहीं.— तेलांत मिसळलेलें डिझेल, उत्पन्न झालेलें आम्ल व खर्ची पडलेलीं औषधद्रव्यें यांवर गाळणीचा इलाज चालत नाहीं. काजळीचा सुटा कण तर मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो. सबब डिझेल इंजिनाचें तेल गाळूनही काळेंच राहील. काळेपणावरून तेलाची परीक्षा करूं नये, आणि प्रयोगशाळेंत तेल तपासल्याखेरीज तें बदलण्याची मुदत वाढवूं नये.

कोणीं बसवावी.— ज्याचें इंजिन रोज अनेक तास चालतें, त्यास हा खर्च परवडेल. ज्याचा ट्रॅक्टर वर्षांतून थोडेच दिवस बाहेर निघतो, त्यानें तोच पैसा व लक्ष हवेच्या गाळणीकडे द्यावें. इंजिनांत बाहेरची धूळ शिरते ती मुख्यतः हवेच्या वाटेनें. हवेच्या गाळणीपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी चिरलेली असेल किंवा तिचा पट्टा सैल असेल, तर शेतांतील धूळ सरळ सिलिंडरांत जाते व तेलाच्या दोन गाळण्याही तिला पुरत नाहींत. तेल-भांड्याची हवा-गाळणी असल्यास मळणीच्या हंगामांत तिच्या तळचा चिखल रोज पाहावा. हें दार आधीं बंद करावें. मग दुसऱ्या गाळणीचा विचार करावा.