नुकसानीची मोजदाद

दुकानास लागलेली आग विझते, बंब निघून जातात, आणि राखेच्या ढिगाऱ्यांत वही व मोजपट्टी घेऊन एक गृहस्थ शिरतो. त्यास विमा कंपनीनें धाडलेलें असतें, त्याची फीही तीच देते. म्हणून दुकानदारास तो शत्रुपक्षाचा वाटतो. वस्तुतः या सर्व्हेअरास सरकारी नियामकाचा परवाना असतो. भारताच्या १९३८ सालच्या विमा कायद्यांत १९६८ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्या योगें आयुर्विम्याखेरीज इतर विम्यांच्या ठराविक रकमेवरील दाव्यांस अशा परवानाधारकाचा अहवाल आवश्यक ठरला. कंपनीची बाजू सांभाळणें हें त्याचें कर्तव्य नव्हे. हानि किती व ती कशामुळें, एवढेंच त्यानें सांगावयाचें.

'एवढेंच' म्हणणें सोपें आहे. जी वस्तु आतां अस्तित्वांतच नाहीं, तिचें मोल कसें करावें? कापडाचा व्यापारी म्हणतो, चार लाखांचा माल जळाला. सर्व्हेअर वह्या मागतो. वर्षारंभीं शिल्लक माल तीन लाखांचा, पुढें खरेदी नऊ लाखांची, विक्री दहा लाखांची. विक्रीच्या रुपयांत वीस पैसे नफा असेल, तर विकलेल्या मालाची खरेदी-किंमत आठ लाख होते. म्हणजे आगीच्या दिवशीं दुकानांत चार लाखांचा माल असावयास हवा. व्यापारी खरें बोलत होता. वह्याही जळाल्या असतील, तर बँकेचे व घाऊक व्यापाऱ्यांचे कागद तपासावे लागतात. शिवाय राखही साक्ष देते : कापसाच्या गाठी जळाल्या तरी त्यांभोवतीं आवळलेल्या लोखंडी पट्ट्या उरतात, व त्या मोजतां येतात. भिजलेलीं, कडा करपलेलीं ठाणें विकून जें येईल, तें नुकसानींतून वजा होतें.

पुष्कळ भांडणें मात्र विम्याच्या रकमेवरून होतात. दहा लाखांच्या मालाचा विमा सहा लाखांचाच उतरलेला असतो, आणि नुकसान होतें दोन लाखांचें. सहा लाखांची मर्यादा ओलांडलेली नाहीं, तेव्हां दोन लाख मिळणारच, असें मालक धरून चालतो. सर्वसाधारण अग्निविम्यांत मिळतात एक लाख वीस हजार. कारण उरलेल्या चार-दशांश जोखमीपुरता तो स्वतःच स्वतःची विमा कंपनी ठरतो. हप्त्यांत केलेली ही काटकसर फार महाग पडते. घरांसाठीं २०२१ सालीं निघालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित विम्यांत ही कपात नाहीं, हें बरें झालें.

याहून बिकट प्रश्न कारणाचा. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, 'इकारिया' नांवाच्या बोटीस पाणतीर लागला. ती कशीबशी फ्रान्समधील ल हाव्र बंदरांत आली. तेथें वादळ उठल्यामुळें तिला बाहेरच्या बांधाजवळ नेण्यांत आलें, आणि दर ओहोटीला तळ टेकतां टेकतां अखेर ती बुडाली. विमा सागरी संकटांचा होता. युद्धकृत्यांचे परिणाम त्यांतून वगळलेले होते. मग तिला समुद्रानें बुडविलें कीं पाणतीरानें? इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें १९१८ सालीं निर्णय दिला कीं, काळानें शेवटचें कारण न पाहतां परिणामानें प्रबळ असलेलें कारण पाहावें. तें कारण पाणतीर. मालकांचा दावा बुडाला.

हाच वाद मुंबईकरांच्या दारींही येतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व असंख्य मोटारी पाण्याखालीं गेल्या. मोटारीच्या पूर्ण विम्यांत पुराचें नुकसान येतें. परंतु पाणी शिरलेलें इंजिन सुरू केलें, तर न दबणाऱ्या पाण्यावर दट्ट्या आदळून जोडदांडा वांकतो. ही हानि पुराची नव्हे, चावी फिरविल्याची, असें कंपन्या म्हणतात, आणि वांकलेला दांडा पाहून सर्व्हेअरास काय घडलें तें कळतें. छातीइतकें पाणी चढत असतां गाडी बाहेर काढूं पाहणाऱ्या माणसास हा भेद पटणें कठीणच! इंजिनापुरता निराळा जोड-विमा आतां मिळतो.

सर्व्हेअरचा शब्द अखेरचा मात्र नसतो. त्याचा अहवाल दावा मिटविण्यास आधार होऊं शकतो, तथापि तो कंपनीस किंवा विमेदारास बंधनकारक नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं स्पष्ट केलें. दावेदारास अहवालाची प्रत मागतां येते. एखादी खरेदीची पावती त्यांत धरलेली नाहीं असें आढळल्यास, ती घेऊन प्रथम कंपनीकडे, व तेथें दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें.