भाकरी, श्रम आणि आतड्यातील वस्ती

शाळेच्या स्मरणिकेत आतड्यातील जीवाणूंवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. तो इतिहासाच्या शिक्षकाने लिहिलेला पाहून अधिकच. परंतु माणूस काय खातो, कोणते काम करतो आणि कोठे राहतो, हा इतिहासाचाच विषय आहे. ज्या समाजाच्या वाट्याला काम आणि अन्न ही दोन्ही जन्मावरून आली, त्याला तर तो मुळीच परका नाही. विज्ञानाने अलीकडच्या काळात याविषयी जे शोधून काढले, ते माजी विद्यार्थ्यांना व पालकांना सोप्या शब्दांत सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आतड्यात राहते कोण?

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडला. शरीराच्या स्वतःच्या पेशी जितक्या, जवळपास तितकेच हे सोबती. त्या सर्वांचे मिळून वजन मात्र पाव किलोहूनही कमी. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. बाळाला ते प्रथम आईकडून मिळतात. पुढे दूध, घरातील माणसे, पाणी, माती आणि जनावरे यांच्याकडून त्यांत भर पडत जाते.

हे सोबती फुकट राहत नाहीत. ज्वारी, डाळी, पालेभाज्या यांतील तंतुमय भाग, ज्याला आपण चोथा म्हणतो, तो आपल्या पाचकरसांना पचत नाही. तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो आणि तेथे जीवाणू त्याला आंबवतात. मडक्यात आंबील आंबते, तसेच काहीसे हे काम आहे. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यांच्यावर पोसल्या जातात. चोथा मिळेनासा झाला की काही जीवाणू आतड्याचे रक्षण करणारा बुळबुळीत थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. मैद्याची बिस्किटे आणि पुड्यांतला खाऊ यांवर मूल वाढले, तर त्याचे पोट भरते. पण आतड्यातील वस्ती उपाशी राहते.

जन्म की परिस्थिती?

ही वस्ती कशी घडावी हे कोण ठरवते? रक्त, की राहणी? इस्रायलमध्ये वेगवेगळ्या वंशांच्या १,०४६ निरोगी व्यक्तींची तपासणी करण्यात आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा, की या जीवाणूंच्या रचनेत वंशाचा वाटा अल्प आहे. रक्ताचे नाते नसले तरी एका घरात राहणाऱ्यांचे जीवाणू एकमेकांशी जुळतात. रक्ताचे नाते असून वेगळे राहणाऱ्यांचे तसे जुळत नाहीत.

याहून बोलका प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील २० कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० कृष्णवर्णीय यांच्या आहाराची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल करण्यात आली. दोघांचेही पूर्वज आफ्रिकेचेच. अमेरिकेतील लोकांना चोथायुक्त, कमी चरबीचे जेवण दिले, तर आफ्रिकेतील लोकांना मांस आणि चरबी अधिक व चोथा कमी असलेले. अवघ्या दोन आठवड्यांत पहिल्या गटाच्या आतड्यातील ब्युटिरेट वाढले व दाह कमी झाला. दुसऱ्या गटात नेमके उलट घडले. पूर्वज तेच होते, ताट बदलले आणि आतडे बदलले.

आपल्या देशातही भोपाळ आणि केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात (२०१९) असाच फरक दिसला. धान्य व वनस्पतिजन्य आहार प्रधान असलेल्या भोपाळच्या लोकांत प्रिव्होटेला नावाच्या जीवाणूचे प्राबल्य होते. मिश्राहारी केरळात वस्तीची ठेवण निराळी होती.

कामाची जागाही आत शिरते

ताटाइतकेच महत्त्व कामाच्या जागेला आहे. चीनमधील १४ निरोगी विद्यार्थी प्रशिक्षणासाठी तीन महिने वराहपालन केंद्रांवर राहिले. तेवढ्या काळात त्यांच्या आतड्यातील जीवाणू तेथील कामगारांच्या जीवाणूंसारखे होऊ लागले. जनावरांना प्रतिजैविक औषधे दिली जात असल्यामुळे, त्या औषधांना दाद न देण्याचे गुणही त्या जीवाणूंत आढळले. विद्यार्थी परत आल्यावर हा बदल काही अंशी ओसरला. माणूस जेथे राबतो, ती जागा अशी त्याच्या पोटात उतरते.

कामाच्या वेळाही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. या जीवाणूंना दिवसरात्रीची लय असते. शरीराचे घड्याळ बिघडलेल्या उंदरांत ती लय नाहीशी झाली होती. ठराविक वेळी खाद्य देताच ती पुन्हा दिसू लागली. आपल्या सावदा-रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड कापणाऱ्या, वाहणाऱ्या आणि गाड्या भरणाऱ्या मजुराला ठरलेल्या वेळी जेवण कोठून मिळणार? बागेत फवारणी झालेली असते, हात धुण्यास पाणी नसते आणि बांधावरच फडके सोडावे लागते. वस्तीत पिण्याचे पाणी दूषित असेल, तर लहान मुलांच्या आतड्याला वारंवार संसर्ग होऊन सूज राहते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. अशा मुलाच्या कुपोषणाचा दोष एकट्या आईच्या स्वयंपाकावर ठेवणे अन्यायाचे आहे.

काम आणि ताट यांची ही गाठ आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखली होती. मृत जनावर ओढण्याचे काम आणि त्याच जनावराचे मांस ही एकाच साखळीची दोन कडी होती. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस व उष्टे अन्न टाकण्याचे आवाहन केले, तेव्हा ताटाबरोबर ते कामही नाकारले जात होते. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली. माणसाचे अन्न बदलायचे तर त्याचे काम आणि त्याची वस्ती बदलावी लागते, हा त्या इतिहासाचा धडा आहे. आज जीवाणूंचे शास्त्र वेगळ्या वाटेने तेथेच येऊन पोचते.

केळीच्या गावासाठी एक गोष्ट

बांगलादेशातील ढाक्याच्या मीरपूर वस्तीत कुपोषित बालकांवर झालेला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. आतड्यातील उपयुक्त जीवाणू वाढावेत म्हणून बालकांना तीन महिने एक खास खाद्य देण्यात आले. त्यात होते काय? हरभऱ्याचे पीठ, शेंगदाण्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ आणि कच्च्या केळीचा गर. जोडीला साखर, तेल व जीवनसत्त्वे. नेहमीच्या पूरक खाद्यात उष्मांक अधिक असूनही, या खाद्याने बालकांची वाढ अधिक चांगली झाली. कच्च्या केळीतील बराचसा पिष्टमय भाग लहान आतड्यात न पचता जीवाणूंपर्यंत पोचतो. ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील मजुराच्या चुलीवर कच्च्या केळीची भाजी किती वेळा शिजते, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

मात्र एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. चोथा चांगला म्हणून गरिबाची कोरडी भाकर आणि ठेचा हाच आदर्श आहार, असे कोणी सांगू लागल्यास ते मान्य करू नये. वाढत्या मुलाला डाळ, दूध, अंडी, मांस-मासळी यांतील प्रथिनेही हवीत. २०२३ साली राज्य शासनाने शालेय पोषण आहारात अंडे आणि पर्याय म्हणून केळी आणली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबवला. निवासी शाळेतील अनेक मुलांसाठी शाळेचे ताट हेच मुख्य ताट असते. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

आपल्या हाती काय?

पालकांनी ज्वारीची व कळण्याची भाकरी, मोड आलेली मटकी, अंबाडी-मेथीसारख्या पालेभाज्या आणि ताक यांना मागासलेपणाचे अन्न समजून घराबाहेर काढू नये. मुलाच्या हाती रोज पाच रुपयांची पुडी देण्याऐवजी मूठभर शेंगदाणे वा फुटाणे द्यावेत. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविक औषधे घेऊ नयेत, कारण ती उपयुक्त जीवाणूंनाही मारतात. फवारणीनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला स्पर्श करू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज बागायतदार, ठेकेदार वा अधिकारी आहेत, त्यांनी मजुरांच्या कामाच्या जागी शुद्ध पाणी, साबण आणि जेवणाची निश्चित सुटी यांची सोय करावी. शाळेला देणगी देताना इमारतीबरोबर वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचीही आठवण ठेवावी.

कोणत्याही बालकाचे आतडे जात पाहून घडत नाही. ते भाकरी, पाणी आणि वस्ती पाहून घडते. या तिन्ही गोष्टी माणसांच्या हातात आहेत, म्हणून त्यांची जबाबदारीही माणसांवरच येते.