बंगळूरची चोळीबांगडी

बंगळूर केंपेगौडाने वसविले, हे त्या नगरीतील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने ते जिंकल्यावर पुढे सुमारे अर्धे शतक ते भोसल्यांच्या जहागिरीचे ठाणे होते, याची आठवण आता फारशी कोणी काढीत नाही. शहाजीराजे तेथे राजासारखेच राहत. तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी त्यांच्याजवळ वाढले. शिवाजीराजे मातोश्री जिजाबाईंसह पुण्यास गेले. १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे निवर्तले आणि कर्नाटकातील सारी दौलत व्यंकोजींच्या हाती राहिली.

दहा वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यानंतर थोड्याच काळात व्यंकोजींनी तंजावर घेतले आणि एका पित्याच्या पुत्रांची दोन सिंहासने झाली.

एका वंशाचे दोन दरबार जपाननेही पाहिले होते. १३३६ साली सम्राट गो-दाइगो क्योतो सोडून योशिनोच्या डोंगरात गेला, आणि खरी राजचिन्हे आपल्यापाशीच असल्याचे सांगत त्याचा पक्ष १३९२ पर्यंत टिकून राहिला. तेथे वाद होता तो खरा सम्राट कोण, एवढाच. भोसल्यांचा पेच निराळा होता. वडिलांची दौलत हे वतन मानले, तर भावाभावांत त्याची वाटणी होणारच. पण ते राज्य मानले, तर त्याचे तुकडे कसे करावयाचे?

१६७७ च्या दक्षिण स्वारीत शिवाजीमहाराजांनी हा प्रश्न धाकट्या भावापुढे मांडला. कोल्लिडम नदीकाठी तिरुमळवाडीस दोघे भेटले. तेरा वर्षे सर्व दौलत तुम्हीच भोगलीत, आता अर्धा वाटा द्या, हे थोरल्याचे म्हणणे. जहागीर आदिलशहाने दिलेली, आपण त्याचे चाकर, हा धाकट्याचा बचाव. गंमत अशी की, छत्रपती झालेला पुरुष येथे वतनदाराच्या भाषेत बोलत होता, आणि सिंहासनावर बसलेला चाकराच्या! एके रात्री व्यंकोजी गुपचूप नदी उतरून तंजावरास निघून गेले. पुढे त्यांनी शहाजीराजांचेच पुत्र संताजी यांच्या फौजेवर चाल केली; आरंभी सरशी झाली, पण अखेरीस पराभव पत्करावा लागला.

यानंतर महाराजांनी वाटणीचा हट्ट ताणून धरला नाही. रघुनाथपंत हणमंते मध्यस्थ होते. तंजावर व्यंकोजींकडेच राहिले. बंगळूर, होसकोट आणि शिरे हे मुलूख मात्र महाराजांनी व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिले, असे बखरीतील तहाच्या कलमांत आहे. सासरच्या वडीलधाऱ्याने सुनेच्या ओटीत घालावे, तसे ते देणे होते. त्यामुळे कोणी कोणास हरविले, हे बोलावयाचे कारणच उरले नाही. पराभवाने खिन्न होऊन विरक्तीची भाषा बोलणाऱ्या व्यंकोजींना महाराजांनी नंतर पत्र लिहून पुरुषार्थाचा उपदेश केला. त्या पत्रात विजेत्यापेक्षा थोरला भाऊच अधिक दिसतो.

१६८० मध्ये महाराज गेले, १६८६ मध्ये विजापूर पडले. इतक्या दूरवरून बंगळूर राखणे तंजावरकरांना जड जाऊ लागले. व्यंकोजींनी म्हैसूरच्या चिक्कदेवराजाशी तीन लाख रुपयांचा सौदा मांडला. तो पुरा होण्यापूर्वीच १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखान गावात शिरला. आणि त्याच्याकडून ते नगर, त्याच तीन लाखांना, म्हैसूरकरांकडे गेले.