‘मेक आउट’ : दिसणे आणि लागणे

पाहण्यासाठी ‘सी’ आणि ऐकण्यासाठी ‘हिअर’ ही क्रियापदे असताना इंग्रजीला ‘मेक आउट’ लागते, ते दिसण्या-ऐकण्यात अडथळा असतो तेव्हा. धुक्यातून येणाऱ्या बसची पाटी, खडखडाटात कानावर पडलेले स्टेशनचे नाव, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध असे डोळे ताणून, कान टवकारून, थोडा अंदाज बांधून जे कळते, त्याला हे क्रियापद शोभते. फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरांसाठी ते वापरले, तर बोलणाऱ्याची नजर अधू आहे की काय, अशी शंका यावी.

या धडपडीमुळेच त्याच्या आधी बहुधा ‘कॅन’ किंवा ‘कुड’ येते, आणि बऱ्याचदा नकारही. ‘आय कान्ट मेक आउट द नंबर’ हे रोजचे वाक्य. त्याच अर्थाने ‘आय अ‍ॅम मेकिंग आउट द नंबर’ मात्र कानाला खटकते. नाम ‘आउट’च्या आधी किंवा नंतर, कुठेही चालते. सर्वनामाला ती मुभा नाही, ते मध्येच बसते : ‘मेक इट आउट’. ‘मेक आउट इट’ ही चूक शिकणाऱ्यांकडून हमखास होते.

मराठीत ‘दिसणे’पेक्षा ‘लागणे’ त्याच्या जवळचे. अक्षर लागत नाही, अर्थ लागत नाही. माणसाबद्दलही तसेच : ‘आय कान्ट मेक हिम आउट’ म्हणजे त्याचा थांग लागत नाही. यात दृष्टीचा संबंध उरत नाही, स्वभावाचा कोडेपणा तेवढा राहतो. ‘व्हॉट डू यू मेक ऑफ हिम?’ हा प्रश्न वेगळा. तिथे विचारले जाते ते मत.

एरवी याच शब्दजोडीचे अर्थ भलतीकडे जातात. एखाद्याच्या नावे चेक ‘मेक आउट’ करतात, म्हणजे लिहितात. ‘ही मेक्स आउट दॅट ही इज रिच’ यात श्रीमंतीचा आव आहे. ‘हाऊ डिड यू मेक आउट?’ हा अमेरिकन प्रश्न मुलाखत किंवा परीक्षा कशी झाली, एवढेच विचारतो. पण अमेरिकन बोलीतच ‘मेक आउट विथ’ म्हणजे चुंबन-आलिंगन. त्यामुळे एखाद्याचे बोलणे कळले नाही हे सांगताना ‘विथ’ चुकूनही जोडू नये.